घराची बाहेरची भिंत
(नभोवाणीवरील भाषण)



अलीकडे आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागांत घर बांधण्याची लगबग जिकडे तिकडे दिसते. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेखालीं घरकुलें मंजूर होऊं लागलीं. किमान २५ चौरस मीटरांचें कां होईना, पण पक्कें घर आपलें व्हावें, ही गरिबाची आस पुरी होऊं लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आयुष्यभर खेड्यांतील मुलांना मुळाक्षरें गिरवावयास लावणारा एक निवृत्त मास्तर. बांधकामाचें शास्त्र मी शिकलों नाहीं. तथापि लोक मजकडे अर्ज लिहून घेण्यास येतात, आणि अर्ज झाला कीं हमखास विचारतात, "गुरुजी, जुन्या भिंती पाडाव्या कीं ठेवाव्या? नव्या कशाच्या घालाव्या?" या प्रश्नाला मीं एकदां स्वतःच्या घरीं चुकीचें उत्तर दिलें होतें. म्हणूनच आज त्याविषयीं बोलावेंसें वाटलें.

भिंत कशाची असावी हें ठरविण्यापूर्वीं तिला कोणाशीं झुंजावयाचें आहे, तें पाहिलें पाहिजे. कोंकणांत पावसाची झड आडवी येते. म्हणून तेथें जांभ्या दगडाच्या भिंती, आणि पावसाळ्यांत त्यांच्यावर माडाच्या झांवळ्यांचे झांप बांधण्याची रीत. मराठवाड्यांत पाऊस थोडा व ऊन फार. तेथें जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचें माळवद. तीं घरें उन्हाळ्यांत थंड खरीं. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत त्याच जड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या व हजारों लोक प्राणास मुकले. दूर नॉर्वे देशांत, जेथें बर्फ व ओल यांचें राज्य, तेथें लांकडी फळ्यांच्या भिंतींचीं सुमारें आठशें वर्षांचीं प्रार्थनामंदिरें अद्याप उभीं आहेत. लांकूड इतकें टिकलें कसें? त्याच्या बुडाशीं दगडाची बैठक आहे, वर उतरतें छप्पर आहे, आणि फळ्यांना झाडाच्या लांकडापासून काढलेलें डांबर पुन्हां पुन्हां चोपडण्याचा परिपाठ तेथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या तीन गोष्टी आपण ध्यानांत ठेवूं. त्या आपल्याकडेही लागू पडतात.

आमच्याकडील भिंतीला दोन परस्परविरुद्ध शत्रू आहेत. चंद्रपुरांत मे महिन्यांत पारा ४७-४८ अंशांवर चढतो. जून सरतांच त्याच तापलेल्या भिंतीवर पाऊस कोसळूं लागतो, आणि तो वर्षाकांठीं हजार मिलिमीटरांच्या पुष्कळ वर जातो. शिवाय बुडाशीं वाळवी, आणि नदीकांठीं पूर. जी भिंत एकाला पुरून उरते, ती दुसऱ्याला शरण जाते. पत्र्याची भिंत पावसाला भीत नाहीं. पण दुपारीं तिच्या आड म्हाताऱ्या माणसाला किंवा बाळंतिणीला बसवत नाहीं. उलट, फूटभर जाडीच्या मातीच्या भिंतीला बाहेरचें ऊन आंत पोहोंचविण्यास कित्येक तास लागतात. तोंवर सूर्य मावळून गेलेला असतो. पण हीच भिंत पाण्यांत उभी राहिली कीं चिखल होते.

आमच्या वडीलमाणसांनीं यावर काढलेली तोड म्हणजे कुडाची भिंत. साग किंवा ऐनाचे खांब रोवावयाचे, त्यांच्यामध्यें बांबूच्या कामट्यांची किंवा तुऱ्हाट्यांची ताटी उभी करावयाची, आणि माती, शेण व बारीक केलेली तणस यांचा काला करून ती दोन्ही अंगांनीं लिंपावयाची. माती बांबूला ऊन, पाऊस व विस्तव यांपासून राखते. बांबू मातीला धरून ठेवतो. भूकंपांत अशी हलकी भिंत डुलते, सहसा माणसाला चिरडीत नाहीं. उघड्या बांबूला मात्र आगीचें भय फार. आमच्या चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या नव्या इमारतीला २०२१ च्या फेब्रुवारींत लागलेली आग पुष्कळांना आठवत असेल.

बांबूही कोणताही व केव्हांही तोडलेला चालत नाहीं. तीन वर्षांचा जून मानवेल हिवाळ्यांत तोडावा. कोंवळ्या बांबूंत साखर व पिष्ट अधिक असतें. त्यावर भुंगा पडतो आणि कांहीं महिन्यांत खालीं पिठाचे ढीग दिसूं लागतात. तोडलेला बांबू कांहीं आठवडे वाहत्या नाल्यांत दाबून ठेवला कीं ही गोडी निघून जाते. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यांत भिजविला, तर आणखी उत्तम. मेंढा-लेखा या गांवाला २००९ सालीं आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला व २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातीं आले. २०१७ च्या कायद्यानें जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येंतून निघाला. तेव्हां चांगला बांबू निवडून घेणें आज पूर्वींइतकें अवघड राहिलेलें नाहीं.

आतां माझी चूक सांगतों. आमचें घर वैनगंगेच्या कांठच्या एका खेड्यांत. भिंती वडिलांनीं घातलेल्या, मातीच्या, हातभर जाडीच्या. दरवर्षीं पावसाळा सरला कीं आई पांढरी माती आणून त्या छाबीत असे. १९९४ सालीं माझ्या मनांत आलें, कीं आतां आपण मास्तर. आईनें चिखलांत हात घालणें बरें दिसत नाहीं. मीं पगारांतून पैसे सांठविले आणि बाहेरून सर्व भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. घर शहरांतल्यासारखें दिसूं लागलें. आई एवढेंच म्हणाली, "आतां मला काम उरलें नाहीं."

पहिलें वर्ष बरें गेलें. दुसऱ्या उन्हाळ्यांत गिलाव्याला केंसाएवढ्या भेगा पडल्या. माती व सिमेंट उन्हानें सारखीं फुगत नाहींत. तिसऱ्या पावसाळ्यांत त्या भेगांतून पाणी आंत शिरलें. उघड्या मातीच्या भिंतींतलें पाणी वाऱ्यानें सुकून जातें. येथें बाहेर पडावयास वाटच नव्हती. बुडाची माती आंतल्या आंत लोण्यासारखी झाली आणि वरून गिलावा तसाच गुळगुळीत! माझीं दोन्ही मुलें त्या पश्चिमेच्या भिंतीशीं खाटेवर निजत. एके रात्रीं छपराची धार खाटेवर पडूं लागली, म्हणून आईनें त्यांना उचलून चुलीपाशीं नेलें. पहाटे भिंत बसली. खाटेचे चारी खूर मोडले होते. मीं ती खाट कितीतरी दिवस फेंकली नाहीं.

भिंत पुन्हां उभी करावयास आलेला म्हातारा गवंडी ढेंकळें फोडीत म्हणाला, "गुरुजी, भितीचं नाक तुमीच बुजवलं, मंग ती जगंल कसी?" मी निरुत्तर झालों. मातीच्या भिंतीवर मातीचाच किंवा चुन्याचा हात फिरवावा, हें मी त्या दिवशीं शिकलों. चुना ओल अडकवून ठेवीत नाहीं, आणि त्याचा पांढरा रंग ऊन परतवितो.

याचा अर्थ सिमेंट वाईट, असा कोणीं घेऊं नये. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला आणि ब्रह्मपुरी तालुक्यांतील नदीकांठचीं गांवें पाण्यांत गेलीं. उभ्या पाण्यापुढें मातीच्या भिंतीनें काय करावें? अशा ठिकाणीं पुराची खूण पाहून तिच्यावर जोतें न्यावें, आणि भिंत विटांचीच घालावी. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेपासून विटा होतात. त्या भाजाव्या लागत नाहींत, म्हणजे तेवढें सरपणही वांचतें. विटांच्या घराला मात्र पश्चिमेस पडवी काढावी किंवा वेल चढवावा, म्हणजे दुपारचें ऊन भिंतीपर्यंत येणार नाहीं. उंचवट्यावरच्या, जंगलाकडच्या गांवीं ज्यांच्या मातीच्या किंवा कुडाच्या भिंती धड आहेत, त्यांनीं नव्या घराच्या हौसेनें त्या घाईनें पाडूं नयेत. भिंत कसलीही असो, जोतें दगडाचें व दीड-दोन फूट उंच असावें, आणि वळचण दोन-अडीच फूट पुढें काढावी. म्हणजे छपराचें पाणी भिंतीला न शिवतां दूर पडेल.

आणखी दोन सूचना. गडचिरोलीकडे हिवतापाची फवारणी होते. ती झाल्यावर आंतल्या भिंती लगेच सारवूं नयेत, नाहींतर औषध मातीखालीं गाडलें जातें. सणापूर्वीं सारवावयाचें असेल तर फवारणीच्या आधींच उरकावें. आणि भिंतीच्या बुडाचीं उंदरांचीं बिळें दर महिन्यास बुजवावीं. मण्यार त्यांच्याच वाटेनें घरांत शिरते.

चंद्रपूरचा गोंड राजांचा परकोट आपण पाहिला असेल. सुमारें अकरा किलोमीटरांची ती दगडी भिंत. तिच्यावरही झाडेंझुडुपें माजलीं आणि मुळ्यांनीं चिरे सैल होऊं लागले; तेव्हां २०१७ पासून 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनीं कित्येक महिने श्रमदान करून ती साफ केली. जेथें दगडाच्या तटाला माणसाचा हात लागतो, तेथें आपल्या घराच्या भिंतीची काय कथा?

आमच्या पश्चिमेच्या भिंतीवरून आई जिवंत असेपर्यंत दर दिवाळीपूर्वीं हात फिरवी. आतां तें काम मी करतों. कोणीं हंसलें तरी करतों. तुम्हीही येत्या दिवाळीपूर्वीं एकदां आपल्या घराभोंवतीं सावकाश फिरून या. बुडाशीं ओल आहे काय, भेग कोठें रुंदावली काय, वळचणीचें पाणी कोठें पडतें, एवढें पाहा. आणि ज्या भिंतीविषयीं संशय येईल, तिच्या कडेची मुलांची खाट त्याच रात्रीं हलवा.