दूरचे युद्ध आणि घरची फोडणी



युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफा आणि विमाने येतात. परंतु तोफेच्या टप्प्याबाहेर, फार लांबवर, युद्ध चुलीपाशी येऊन पोचते. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली. इंदापूर तालुक्याला त्याचे काय? पण थोड्याच दिवसांत वाण्याकडच्या तेलाच्या पिशवीचा भाव चढला आणि घरोघरी फोडणीचा हात आखडला. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या सूर्यफुलाच्या तेलातला मोठा वाटा युक्रेनचा होता, आणि काळ्या समुद्रावरची त्याची बंदरे बंद पडली होती. उसाला घालतो ते पालाश खतही परदेशचेच. रशिया आणि बेलारूस हे त्याचे मोठे विक्रेते.

हे पहिल्यांदा घडले असे मात्र नव्हे. ८ मार्च १९४२ रोजी जपान्यांनी रंगून घेतले. तोवर ब्रह्मदेशातून दरसाल दहा लाख टनांहून जास्त तांदूळ हिंदुस्थानात येत असे. मुंबई आणि कोकण यांचा त्यावर मोठा भार. तो एकाएकी थांबला, आणि पुढल्या वर्षी, १९४३ च्या मे महिन्यात, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. आज रेशनला आपण नावे ठेवतो. पण त्या रांगेने मुंबई तगली. बंगालला वेळेवर ती रांग लाभली नाही. तेथे धान्य मुळीच नव्हते असे नाही. भाव भडकले, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने नावा काढून घेतल्या, शेजारच्या प्रांतांनी आपले धान्य अडवून धरले, आणि शेतमजूर व कोळी यांच्या गाठीला विकत घेण्यापुरता पैसा उरला नाही. सरकारी चौकशी मंडळाने पंधरा लाख मृत्यू मानले. नंतरचे अभ्यासक तीस लाखांपर्यंत जातात.

आता घरी या. ज्वारीच्या रानात काही तासांनंतर करडईचा एक तास, ही आपल्याकडची जुनी रीत. ज्वारी पेवात, करडई घाण्यावर. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, पैसा आला. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण करडई गेली, घाणे थांबले. १९८६ साली सरकारने तेलबियांची मोहीम काढली आणि १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देश तेलाच्या बाबतीत जवळजवळ स्वावलंबी झाला होता. मग स्वस्त परदेशी तेलाला दार उघडले. आज निम्म्याहून अधिक तेल बाहेरचे.

आपण म्हणाल, हा गृहस्थ आम्हांला पेवाच्या काळात न्यायला निघाला. तसे नाही. पेवाने १८७६ चा दुष्काळ अडवला नाही, १९७२ चाही नाही. बहात्तरला खडी फोडून आणि रेशनवरचा अमेरिकेचा लाल मिलो खाऊन माणसे जगली. ज्याचे सारे गावच्या पावसावर, तो दुष्काळात बुडतो. ज्याचे सारे आगबोटीवर, तो युद्धात. म्हणून धान्याला आणि तेलाला वाटा एकापेक्षा जास्त हव्यात, आणि त्यांतली एक तरी आपल्या बांधावरून जावी.

करडईला काटे, काढणीला माणूस मिळत नाही, ही अडचण खरी. पण नीरेपलीकडे फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याची ‘नारी-६’ ही जात काढली आहे. पाणीही तिला उसासारखे लागत नाही. अडते ते भावापाशी. शेतकऱ्याने पेरायची आणि सुगीत व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचे, हे कोण करील?

हिशेब सोपा आहे. महिन्याला तीन किलो तेल लागणाऱ्या घराला वर्षाकाठी सव्वाशे ते दीडशे किलो करडई पुरते. गावातल्या वीस-पंचवीस घरांनी एवढी करडई पेरणीआधीच भाव ठरवून शेतकऱ्याकडे मागावी, चार पैसे विसार द्यावा, आणि घाण्याचा खर्च मिळून सोसावा. भाव दुकानापेक्षा थोडा जास्त पडेल, हे मी लपवीत नाही. रब्बीच्या पेरणीला अजून पाच-सहा महिने आहेत. ज्यांना यादीत नाव घालायचे असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावे. वही मी बरोबर आणली आहे.