पोटभाडेकरू
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. सारं आयुष्य बँकेत गेलं. पण गेल्या महिन्यात खालच्या बाकावर एक प्रश्न निघाला. अल्सरचा जंतू म्हणे टॉन्सिलमध्येही राहतो, मग नातवाचे टॉन्सिल काढूनच टाकावेत का? त्यावर जे वाचलं, ते सांगतो.

आमच्या नोकरीच्या काळात अल्सर म्हटलं की "टेन्शन घेऊ नका, तिखट सोडा, दूधभात खा" असा सल्ला मिळे. जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, अशी समजूत होती. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जठरातला मळसूत्री जंतू प्रयोगशाळेत वाढवता आला. ईस्टरच्या सुट्टीमुळे नमुने नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिले, म्हणून तो वाढलेला दिसला. लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. युरिया फोडून तो अमोनिया तयार करतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल मारतो. लागण बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून होते. बहुतेकांना त्रास काहीच नाही. काहींना मात्र अल्सर आणि थोड्यांना जठराचा कर्करोगही होतो.

आता टॉन्सिल. जंतू तोंडावाटेच पोटात जातो, म्हणून मुलांचे काढलेले टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड अनेक ठिकाणी तपासले गेले. काहींना जंतू सापडला, काहींना एकाही नमुन्यात नाही. एक कारण चाचणीतच आहे. झटपट चाचणीचा रंग युरिया फोडणाऱ्या द्रव्यामुळे बदलतो, आणि तोंडातले दुसरे जंतूही ते द्रव्य बनवतात. सही जुळल्यासारखी वाटली म्हणून चेक पास करायचा नसतो! शिवाय जंतूचे अंश मिळाले, तरी तो तिथे बिऱ्हाड करून आहे की जाता-येता टेकलेला पाहुणा, हे त्यावरून ठरत नाही. पोटभाडेकरू म्हणून त्याची नोंद करायला पुरावा अपुरा आहे.

म्हणून अल्सरच्या भीतीने नातवाचे टॉन्सिल काढू नका. वारंवार घसा धरणं, झोपेत श्वास अडणं ही कारणं वेगळी. ती डॉक्टर बघतील.

आपण मोठ्यांनी मात्र आपलं पोट सांभाळावं. जंतू निघाला, तर आम्ल कमी करणारी गोळी आणि किमान दोन प्रतिजैविकं, बहुधा १४ दिवस घ्यावी लागतात. चौथ्या दिवशी जळजळ थांबली म्हणून कोर्स सोडायचा नाही. कोर्स संपल्यावर निदान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करून खातं खरोखर बंद झालं का, ते बघायचं. चाचणीआधी आम्लाची गोळी किती दिवस थांबवायची, ते डॉक्टरांना विचारा. गुडघ्यांसाठी घेतो त्या वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो, हे विसरू नका. आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सुवर्णमहोत्सवाला आपल्यापैकी जास्तीत जास्त मंडळी इथे बसलेली असावीत, एवढ्यासाठी हा खटाटोप.