दुकानाची दुसरी पाटी
(मंडळाच्या व्यापारी सभासदांच्या बैठकीतील भाषण)



बेळगावात आपण पाट्यांवर पुष्कळ बोललो आहोत. २०२४ च्या कायद्याने पाटीवरची ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. उरलेल्या जागेत मराठी कशी बसवायची, यावर याच सभागृहात वाद झाले. आज दुसऱ्या पाटीविषयी बोलतो. इन्स्टाग्रामवर दुकानाचे जे युजरनेम असते, ती पाटी. तिथे मराठीही चालत नाही आणि कन्नडही नाही. रोमन अक्षरे, आकडे, टिंब आणि खालची रेघ, सगळे मिळून ३० च्या आत. आणि एक नाव साऱ्या जगात एकालाच. जो आधी घेईल त्याचे.

आधी आमची फजिती सांगतो. आमचा लोणची-मसाल्यांचा धंदा तिसऱ्या पिढीत आहे. २०१८ मध्ये पुतण्याने हौसेने दुकानाचे खाते उघडले. अगदी हवे तेच नाव मिळाले. पण मोबाईल नंबर त्याचा आणि ईमेल त्याच्या कॉलेजचा. तो नोकरीला पुण्याला गेला, नंबर बदलला, ईमेल बंद झाला, पासवर्ड विसरला. खाते आजही तिथेच आहे, फराळाच्या तीन फोटोंसकट. गिऱ्हाईक तिथे ऑर्डर लिहितात आणि उत्तर नाही म्हणून आमच्यावर रागावतात. गेल्या वर्षी मुंबईच्या एका जुन्या घराने मुंजीसाठी लोणच्याची मोठी ऑर्डर तिथेच लिहिली. आम्हाला कळले ते मुंज झाल्यावर. त्या वहिनी अजून नीट बोलत नाहीत.

खाते नुसते पडून आहे, एवढ्यावरून ते नाव मागता येत नाही. नोंदवलेला ट्रेडमार्क हाती असता तर निदान तक्रार करायला जागा होती. आजोबांनी तो केला नाही, वडिलांनी केला नाही, आम्हीही नाही. गावात सगळे ओळखतात, मग कशाला, असेच आम्ही म्हणत आलो. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गामागे ४,५०० रुपये पडतात आणि नोंदणी १० वर्षे चालते. मसाले ३० व्या वर्गात, लोणची २९ व्या. म्हणजे आम्हाला दोनदा भरावे लागणार. एका मुंजीची ऑर्डर त्याहून मोठी होती.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. आमच्या अडनावातला 'व' पाटीवर 'व्ही'ने आहे, जीएसटीच्या कागदावर 'डब्ल्यू'ने आहे. गिऱ्हाइकाने शोधायचे कसे? आधी घरात बसून एक स्पेलिंग ठरवा. बिलबुकावर, यूपीआयवर, सगळीकडे तेच. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, १५ च अक्षरे मिळतात, तेव्हा 'श्री महालक्ष्मी प्रसन्न'पासून सुरुवात करू नका.

गावाचे नाव जोडावे का? १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजीत 'बेळगावी' झाले, पण आपले गिऱ्हाईक 'बेळगाव' म्हणूनच शोधते. जोडायचेच तर 'बेळगाव' जोडा, असे आमचे स्पष्ट मत आहे. युजरनेमच्या खाली नावाची वेगळी ओळ असते; तिथे देवनागरी चालते आणि ६० टक्क्यांचा हिशेबही नाही. बहुतेकांनी ती ओळ इंग्रजीत भरली आहे. याला मात्र सरकार जबाबदार नाही.

हवे ते नाव विकत मिळवून देतो, असे सांगणारे भेटतील. इन्स्टाग्रामच्या नियमांत अशी खरेदी-विक्री बसत नाही. पैसेही जातील आणि खातेही. आज ऑनलाइन विक्री करायची नसली तरी नाव घेऊन ठेवा. नंबर दुकानाचा, ईमेल दुकानाचा, आणि पासवर्ड घरातल्या दोघांना ठाऊक असू द्या. त्यातला एक तरी बेळगावातच राहणारा असावा.

चहानंतर आमच्या दोन पुतण्या दाराजवळच्या टेबलावर बसतील. बिलबुक आणि दुकानाचा मोबाईल घेऊन या. आठ वाजेपर्यंत त्या आहेत.