ओढ्याकाठचा शेजारधर्म

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



या संमेलनात शिक्षण, विवाह, वसतिगृह अशा विषयांवर विचार मांडण्याचा आपला प्रघात आहे. यंदा चिटणीसांनी आम्हांस ओढ्यावर बोलावयास सांगितले, तेव्हा प्रथम आम्हांसही नवल वाटले. ज्ञातिमंडळाचा आणि ओढ्याचा संबंध तो काय? परंतु मंडळाच्या आपद्ग्रस्त साहाय्य निधीचा विनियोग कसा व्हावा, याविषयीचा ठराव आज सायंकाळी आपणांपुढे यावयाचा आहे. त्या ठरावाचे मूळ पुण्याच्या आंबिल ओढ्यात आहे. तो कसा सुचला हे सांगणे आमचे कर्तव्य होय. आणि त्यात आमची स्वतःची एक चूकही आपणांसमोर ठेवावयाची आहे.

आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर या वस्त्यांच्या कडेने पर्वतीच्या पायथ्याशी येतो आणि दांडेकर पुलाखालून पुढे जाऊन मुठेस मिळतो. वर्षातील आठ-नऊ महिने तो इतका क्षीण असतो की, नवख्या माणसास ते गटारच वाटावे. आपल्या पूर्वजांनी मात्र त्यास कधी क्षुद्र मानले नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी नळाने शहरातील हौदांपर्यंत आणले गेले. पर्वतीच्या पायथ्याशी याच ओढ्याच्या पाण्यावर तळे झाले. त्या तळ्यातला गणपती आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. ज्या ओढ्याने एके काळी शहराची तहान भागविली, त्याचे नाव आपण हळूहळू विसरलो आणि त्याच्याकडे पाठ करून घरे बांधली.

दिनांक २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या विस्मरणाची आठवण त्याने आपणांस करून दिली. काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला, कात्रजचा तलाव भरून वाहू लागला आणि ओढ्याचे पाणी दोन्ही काठ सोडून घरांत शिरले. सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या. मोटारी आणि दुचाकी काड्यांप्रमाणे वाहून एकमेकींवर चढल्या. शहर आणि आसपासचा परिसर मिळून वीसाहून अधिक जीव त्या पावसात गेले. अरण्येश्वर भागातील टांगेवाला कॉलनीत तर भिंत पडून माणसे दगावली. सकाळी पाणी ओसरले होते. उरला होता तो गुडघाभर चिखल आणि त्याचा तो वास, जो त्या घरांतील माणसांच्या नाकातून अद्याप गेलेला नाही.

येथे जमलेल्या वृद्ध मंडळींना यावरून दुसरा एक दिवस आठवेल. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठाकाठचे जुने पुणे पाण्याखाली गेले. त्या वेळी बेघर झालेल्या अनेक कुटुंबांनी सहकारी गृहरचना संस्था स्थापन केल्या आणि नदीपासून दूर, पर्वतीच्या पलीकडे नवी वसाहत उभी केली. सहकारनगर हे नावच त्या सहकाराचे स्मारक आहे. आपल्या ज्ञातीतील काही घराणीही तेव्हाच तिकडे गेली. नदीच्या भीतीने ज्यांच्या आजोबांनी पेठेतले घर सोडले, त्यांच्याच नातवंडांच्या दारात अठ्ठावन्न वर्षांनी ओढा आला. यात दैवाचा खेळ पाहणारे पाहोत. आम्हांस त्यात एक धडा दिसतो : आपण नदीस भ्यालो, परंतु ओढ्यास भ्यालो नाही.

नदीचा पूर आणि ओढ्याचा पूर यांत मोठा भेद आहे. धरणातून किती पाणी सोडले जात आहे, ते मोजता येते आणि जाहीर करता येते. ओढ्याचे तसे नाही. त्याचे पाणलोट क्षेत्र लहान आणि उतार तीव्र असतो. डोंगरावर पडलेले पाणी अल्पावधीत खाली येते. त्यातून वरचा उतार डांबर, सिमेंट आणि फरशी यांनी झाकला गेला असेल, तर जमिनीत मुरण्यास त्यास जागाच उरत नाही. ओढा जसा वेगाने चढतो तसाच वेगाने उतरतो, आणि हीच गोष्ट मदतीच्या आड येते. २०१५ ते २०२० या काळातील सरकारी आपत्ति-निधीच्या निकषांत, कपडे आणि भांडी यांच्या साहाय्यासाठी घर वाहून गेलेले, पूर्ण पडलेले अथवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असलेले असावे, अशी अट होती. नदीकाठच्या गावास ती लागू पडेल. ओढा दोन दिवस थांबत नाही. तो दोन तासांत संसार नेतो आणि उजाडेतो निघून जातो. अशा घरातील माणसांनी पंचनाम्यास आलेल्या कर्मचाऱ्यास काय दाखवावे? भिंतीवरची चिखलाची रेघ तेवढी दाखवावी.

आता आपल्या मंडळाने काय केले ते सांगतो. दुसऱ्याच दिवशी आपले तरुण कार्यकर्ते बाहेर पडले. फावडी, घमेली, ब्लीचिंग पावडर, चादरी, स्टोव्ह, तांदूळ, सर्व काही दोन दिवसांत गोळा झाले. भगिनी मंडळाने पोळी-भाजीची पाकिटे केली. या कार्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु निधीच्या नियमाप्रमाणे कार्यकर्त्यांच्या हाती यादी होती ती आपल्या सभासद कुटुंबांची. ओढ्याच्या काठच्या एका चाळीत सहा खोल्या होत्या, आणि त्यांतील दोन आपल्या सभासदांच्या. आमच्या एका तरुणाने त्या दोन खोल्यांत स्टोव्ह आणि चादरी दिल्या. उरलेल्या चार खोल्यांतील माणसे आपापल्या दारात उभी होती. कोणी काही मागितले नाही, कोणी काही बोलले नाही. ज्यांना मदत मिळाली त्यांतील एका आजींनी मात्र आपली नवी चादर घडी न मोडता शेजारच्या बाळंतिणीच्या अंगावर घातली. तो तरुण परत आला आणि यादी आमच्या टेबलावर ठेवून म्हणाला, “काका, उद्या मी ही घेऊन जाणार नाही.” दुसऱ्या दिवसापासून यादी कार्यालयातच राहिली. हिशेब तपासताना खजिनदारांनी त्या खर्चाविषयी प्रश्न विचारला, तो योग्यच होता. नियम तोडला गेला होता. आता नियम बदलावयाचा की आपली चूक मान्य करावयाची, एवढाच प्रश्न आहे.

याहून अधिक कठीण गोष्ट पुढे घडली. आम्ही स्वतः ज्या सोसायटीत राहतो, तीत आपल्या ज्ञातीची बरीच कुटुंबे आहेत. तिची सीमाभिंत त्या रात्री पडली. ती पुन्हा बांधण्यासाठी आम्ही मंडळाकडे बिनव्याजी कर्ज मागितले. मंडळाने आपल्यातीलच एका निवृत्त अभियंत्यांस जागा पाहण्यास पाठविले. त्यांनी जुना नकाशा मागविला, फीत धरली आणि सांगितले की, पडलेली भिंत मूळ हद्दीच्या सुमारे सहा फूट पुढे, ओढ्याच्या पात्रात होती. आम्हांस ते ठाऊक नव्हते असे म्हणणे खोटे होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी वाहने ठेवण्यास जागा हवी म्हणून मुरूम आणि राडारोडा टाकून ती जागा आम्हीच भरून घेतली होती. सभेत सर्वांनी हात वर केले होते. त्यांत आमचाही हात होता.

अभियंत्यांनी पुढे जे सांगितले ते एखाद्या शाळकरी मुलासही कळेल. पाण्याची वाट अरुंद केली की पाणी वर चढते आणि त्याचा वेगही वाढतो. ओढ्याच्या वळणावर बाहेरच्या काठास धार अधिक लागते आणि ती भिंतीचा पाया खरवडून काढते. आमच्या भिंतीवर आदळलेले पाणी समोरच्या काठाकडे वळले, आणि समोर होत्या पत्र्याच्या छपराच्या खोल्या. पाणी उतरू लागले तेव्हा आमची भिंतही गेली. कारण तिच्यामागील भराव पाण्याने फुगलेला होता आणि ते पाणी बाहेर पडण्यास भिंतीत एकही छिद्र ठेवलेले नव्हते. समोरची हानी अगोदर झाली, आमची मागून.

सभेत पुष्कळ वाद झाला. “पूर्वीच्याच जागी बांधा, सर्वांनीच तसे केले आहे,” असे म्हणणारे थोडे नव्हते. आठ मोटारींची जागा सोडणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. तीन बैठका झाल्या. अखेरीस आमच्यातील एका विधवा भगिनीने विचारले, “पुढच्या वेळी समोरचं लेकरू वाहून गेलं, तर त्या जागेत गाडी लावताना हात थरथरणार नाही का?” त्यानंतर मत घेण्याची आवश्यकता उरली नाही. भिंत मागे घेतली गेली. पाया भरावावर न ठेवता घट्ट मुरुमापर्यंत नेला, निचऱ्याची छिद्रे ठेवली, मागे दगडगोट्यांचा थर भरला. हे काम परवानगीवाचून करू नये, असा आग्रह मंडळाने धरला; त्यामुळे उशीर झाला, परंतु काम चोख झाले. आज आमच्या आठ मोटारी रस्त्यावर उभ्या असतात. त्याबद्दल कुरकुर अजून चालू आहे, हेही प्रांजळपणे सांगावयास हवे.

बंधु-भगिनींनो, या अनुभवातून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. पुरानंतर आपण घर धुतो, घर दुरुस्त करतो. ओढा मात्र तसाच राहतो. पडलेल्या भिंतींचे दगड पात्रात राहतात, मोरीच्या तोंडाशी झाडाच्या फांद्या आणि प्लॅस्टिक अडकून राहते, काढलेला गाळ काठावरच टाकला जातो आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा आत येतो. घराची दुरुस्ती ज्याची त्याने करावी हे ठीक. परंतु ओढ्याची दुरुस्ती एकट्याने होत नाही. सार्वजनिक पैसा खासगी हद्दीत कसा खर्चावा, ही अडचण सीमाभिंतींच्या बाबतीत वर्षानुवर्षे पुढे येत राहिली. एका सोसायटीने उंच भिंत बांधली की, पाणी समोरच्याच्या किंवा खालच्याच्या दारी जाते. ज्याची ऐपत आहे तो भिंत बांधतो. ज्याची नाही त्याच्याकडे पाणी जाते. असे साहाय्य करण्यापेक्षा न केलेले बरे.

यास्तव आजच्या ठरावात तीन गोष्टी आहेत. पहिली, पुरासारख्या आपत्तीत निधीतील साहाय्य सभासदत्व न पाहता, ज्या वस्तीत आपले कार्यकर्ते पोचतील तेथील सर्व घरांस द्यावे. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांचे नियम आहेत तसेच राहतील. दुसरी, भिंतीसाठी मंडळाचे कर्ज मागणाऱ्याने जुन्या नकाशाप्रमाणे मोजणी करून घ्यावी, आणि समोरच्या व खालच्या काठाच्या रहिवाशांशी बोलणे झाल्याची नोंद अर्जासोबत जोडावी. तिसरी, दरवर्षी मे महिन्यात कार्यकर्त्यांनी दोन्ही काठांच्या शेजाऱ्यांसह ओढ्याच्या कडेने चालत जावे, तुंबलेल्या मोऱ्या आणि खचलेले काठ टिपावेत आणि त्याची यादी छायाचित्रांसह संबंधित कार्यालयास लेखी द्यावी. पावसाळ्यात वरच्या वस्तीतील माणसाने खालच्या वस्तीतील माणसास रात्री दूरध्वनी करावा, एवढी व्यवस्थाही याच फेरीत होऊ शकेल. त्यास पैसा लागत नाही, ओळख लागते.

याखेरीज एक लहान परंतु महत्त्वाचे काम आपल्या सुशिक्षित तरुणांनी अंगावर घ्यावे. पुरानंतर गरिबाचे सर्वांत मोठे नुकसान पुष्कळदा कागदांचे असते. शिधापत्रिका, भाडेकरार, मुलांचे दाखले भिजून जातात आणि पंचनाम्यात भाडेकरूचे नावच येत नाही. अर्ज लिहून देणे, छायाचित्रे घेणे, विम्याचे कागद भरणे, कचेरीत सोबत जाणे, हे एका चादरीइतकेच मोलाचे साहाय्य आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही आदराने ऐकला आहे. आपल्या पूर्वजांनी पैपैसा साठवून हा निधी ज्ञातीसाठी उभा केला. तो इतरांवर का खर्चावा? आमचे उत्तर एवढेच की, जुन्या पेठेतील आपला वाडा वेशीच्या आत होता आणि शेजारी कोण, हे ठरलेले होते. आज आपल्या सभासदांचे शेजारी आपल्या यादीत नाहीत. परंतु त्यांच्या आणि आपल्या पायांखालून एकच ओढा वाहतो. त्यांचा काठ खचला तर आपला वाचत नाही, आणि आपली भिंत पुढे सरकली तर त्यांचे घर जाते. ज्ञातीचे हित आणि शेजाऱ्याचे हित ओढ्याकाठी वेगळे काढता येत नाही. सहकारनगर ज्यांनी वसविले त्यांनी हे १९६१ नंतर ओळखले होते. आपण ते पुन्हा ओळखावे.

ठराव संमत करावयाचा की नाही, हे आपल्या हाती आहे. आम्ही आमच्या सहा फुटांचा हिशेब आपणांपुढे मांडला. ओढ्याकाठी राहणाऱ्या प्रत्येक सभासदाने घरी जाऊन आपल्या भिंतीचा नकाशा एकदा काढून पाहावा, एवढी नम्र विनंती करून आपली रजा घेतो.