दोर खाली सोडण्यापूर्वी



मी पायदळातला माणूस. पण भूदलात आम्हांला एक गोष्ट पक्की शिकवतात. नागरी प्रशासनाच्या मदतीला जाताना आधी अधिकार, मग इशारा, मग लागेल तेवढंच बळ. नौदलाचे कमांडो नागरी जहाजावर उतरतात तेव्हाही हिशेब हाच असतो. व्हिडिओत आपल्याला हेलिकॉप्टर आणि दोर दिसतो, हिशेब दिसत नाही. तो आज मांडतो.

पहिला प्रश्न अधिकाराचा. खुल्या समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्याच देशाची सत्ता. मनात आलं म्हणून दुसऱ्याच्या जहाजावर चढता येत नाही. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात मोजके अपवाद आहेत : चाचेगिरी, गुलामांची वाहतूक, कुठल्याच देशाचं नसलेलं जहाज, असे. चाच्यांच्या ताब्यातलं जहाज मात्र कोणत्याही देशाची युद्धनौका पकडू शकते.

दुसरा प्रश्न बळाचा. इथे दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

३१ मे २०१० ची पहाट. गाझाची नाकेबंदी मोडायला निघालेल्या ‘मावी मारमारा’ जहाजावर इस्रायलचे नौदल कमांडो चढले, तेही खुल्या समुद्रात. जहाजावर पाचशेहून अधिक प्रवासी होते. बोटींतून चढायचा पहिला प्रयत्न फसला. मग हेलिकॉप्टरमधून दोर सोडले. आता विचार करा, दोरावरून माणूस एकेक करून उतरतो आणि खाली चिडलेला जमाव उभा आहे. पहिले उतरलेले सैनिक जमावाच्या हाती सापडले, गोळीबार झाला, नऊ प्रवासी मेले. दहावा जखमी पुढे काही वर्षांनी वारला. संयुक्त राष्ट्रांच्या पामर समितीने २०११ साली नाकेबंदी कायदेशीर ठरवली, पण वापरलेलं बळ अवाजवी होतं असं स्पष्ट म्हटलं. चढण्याआधी शेवटचा इशाराही दिला नव्हता, हाही ठपका ठेवला. मानवाधिकार परिषदेच्या पथकाने तर नाकेबंदीच बेकायदा म्हटली होती. म्हणजे अधिकारावर वाद राहिला, पण बळ जास्त झालं यावर दोघांचं एकमत. अधिकार असला म्हणून पद्धत आपोआप बरोबर ठरत नाही.

आता मार्च २०२४. सोमाली चाच्यांनी तीन महिन्यांपूर्वी पळवलेलं ‘रुएन’ हे मालवाहू जहाज. ‘आयएनएस कोलकाता’ने ते आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठलं. चाच्यांनी युद्धनौकेवर गोळ्या झाडल्या. आपल्या लोकांनी घाई केली नाही. जहाजाची दिशा देणारी यंत्रणा निकामी करून ते थांबवलं, शरण या म्हणून सांगत राहिले. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस कमांडो बोटींसकट समुद्रात उतरवले. चाळीस तास दबाव ठेवला. शेवटी ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले.

तिसरा प्रश्न न्यायालयाचा, आणि तो आपण विसरतो. १९९९ साली ‘अलाँड्रा रेनबो’ हे पळवलेलं जपानी मालकीचं जहाज आपल्या तटरक्षक दलाने आणि नौदलाने अरबी समुद्रात पाठलाग करून पकडलं. सगळीकडे कौतुक झालं. मुंबईच्या सत्र न्यायालयात २००३ साली शिक्षाही झाली. पण २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आरोपी सुटले. चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आपल्या कायद्यात तेव्हा नव्हताच. समुद्रात जिवावर उदार होऊन पकडलेली माणसं कागदावर निसटली. ही उणीव भरायला २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा आला. ‘रुएन’वरचे ३५ जण मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले, ते याच कायद्याच्या बळावर.

म्हणून आजचा कमांडो जहाजावर चढतो तेव्हा त्याला नेमबाजीबरोबर पंचनामाही कळावा लागतो. कुणाच्या हातात कोणतं शस्त्र होतं, कोण कुठे सापडला, पहिली गोळी कुणी झाडली, हे सगळं नोंदवावं लागतं. त्यातली एक नोंद चुकली तरी पुढचा खटला ढिला पडतो.

हा विषय लांबचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये ‘लीला नॉरफोक’वर चाचे चढल्याची खबर आली, तेव्हा २१ खलाशांपैकी १५ भारतीय होते. सुरक्षित खोलीत दार लावून बसले होते ते. जहाज परदेशी झेंड्याचं, आतली मुलं आपली. अशा मुलांना सोडवायला जाणाऱ्याच्या हाती बंदूक तर हवीच, पण पाठीशी कायदाही हवा. तो आपण संसदेत घडवतो आणि न्यायालयात टिकवतो. ते काम कमांडोचं नाही, तुमचं-माझं आहे.

जय हिंद.