गेमिंग माउस घेण्याआधी घरातली पट्टी शोधा

खांदा कॉलनीतून मी पुन्हा एकदा. बाहेर पाऊस धो-धो पडतोय आणि पंखा बंद केला तर मी उकडून मरेन, त्यामुळे मागे थोडी घरघर ऐकू येईल, तेवढं चालवून घ्या.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. 'दादा, दोन हजारात कुठला गेमिंग माउस घेऊ?' जवळपास दर आठवड्याला कोणीतरी हे विचारतंच. आणि खाली फोटो जोडलेला असतो. काळा खोका, त्यावर लाल ड्रॅगन नाहीतर विंचू, आणि मोठ्या अक्षरात १६,००० डीपीआय. शेजारी दुसरा फोटो, त्यावर ८,००० डीपीआय. प्रश्न असा की दुप्पट आकडा कमी पैशात मिळतोय, मग विचार कसला करायचा?

विचारणारी बहुतेक मंडळी मोबाइलवरून पीसीवर आलेली असतात. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइल बंद झालं, त्याच वर्षी जूनमध्ये व्हॅलोरंट आलं होतं, पाठोपाठ त्याचा मुंबई सर्व्हरही आला. तेव्हापासून हा प्रवास चालू आहे. कॉलेजसाठी लॅपटॉप येतो, मग गेम येतो, मग कळतं की टचपॅडवर काही होत नाही. अंगठ्याने आणि फोन तिरका करून नेम धरायची सवय असलेल्या हाताला माउस म्हणजे पूर्णपणे नवीन प्रकरण आहे. आणि दोन हजार रुपये ही रक्कम विद्यार्थ्यासाठी लहान नाही. ट्यूशन घेऊन किंवा वाढदिवसाचे जमवून आणलेले असतात ते. म्हणून आज जरा सावकाश बोलू.

आधी डीपीआय. याचा अर्थ इतकाच की माउस एक इंच सरकवला तर तो कॉम्प्युटरला किती वेळा 'सरकलो' असं सांगतो. ८०० डीपीआय म्हणजे एका इंचात ८०० वेळा. बस्स. ही गुणवत्ता नाही, हा नुसता वेग आहे. आता १६,००० चं गणित करून बघा. तुमची स्क्रीन फुल एचडी असेल तर आडवे १,९२० पिक्सेल. १,९२० भागिले १६,००० म्हणजे ०.१२ इंच. म्हणजे माउस फक्त तीन मिलिमीटर हलला की पॉइंटर स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकाला! तांदळाच्या दाण्याच्या निम्म्या लांबीएवढी हालचाल. त्यात शत्रूचं डोकं कुठं शोधणार तुम्ही? ८०० ला हेच अंतर सहा सेंटिमीटर होतं, आणि सहा सेंटिमीटर हाताला समजतात. म्हणूनच मोठमोठ्या स्पर्धा खेळणारे बहुतेक लोक ४००, ८०० किंवा फार तर १,६०० वर खेळतात. खोक्यावरचा बाकीचा आकडा त्यांच्या माउसमध्येही असतो, पण तो कोणी वापरत नाही.

मग माउस-माउसमध्ये फरक कशाचा? सेन्सरचा. माउसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो. पॅडच्या पृष्ठभागाचे तो सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी ताडून बघतो की आपण कुठल्या दिशेला, किती सरकलो. पिक्सआर्ट कंपनीचा ३३६० नावाचा सेन्सर बरीच वर्षं गाजला. त्याचा फोटो जेमतेम ३६ गुणिले ३६ पिक्सेलचा, पण सेकंदाला १२,००० पर्यंत फोटो. हात जोरात झटकला तरी त्याचा हिशोब चुकत नाही. स्वस्तातला सेन्सर नेमका तिथेच गडबडतो. तुम्ही पटकन मागे वळता आणि पॉइंटर आभाळाकडे बघत बसतो किंवा अर्ध्यातच थांबतो. तेव्हा खोक्यावर सेन्सरचं नाव लिहिलंय का ते बघा. आकडा ठळक आणि सेन्सरचं नाव कुठेच नाही, असं असेल तर मी तरी खोका परत ठेवून देईन.

हे सगळं ठीक, पण नवा माउस घ्यायच्याही आधी एक फुकटचं काम आहे. विंडोजच्या सेटिंगमध्ये माउस शोधा, तिथे 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' असा पर्याय दिसेल. नाव फार गोड आहे. ते आधीपासून चालू असतं, ते बंद करा. ते चालू असताना माउस हळू सरकवला तर पॉइंटर कमी जातो आणि तेच अंतर जोरात सरकवलं तर जास्त जातो. ऑफिसच्या कामाला ठीक आहे. पण कॅरम आठवा. बोर्डवर पावडर कधी जास्त, कधी कमी असेल तर स्ट्रायकरचा अंदाज बसेल का? हाताला एकच अंतर पुन्हा पुन्हा तसंच मिळायला हवं, तरच तो शिकतो. काउंटर-स्ट्राइक २ सारखे गेम हे सेटिंग बाजूला ठेवून थेट माउसचे आकडे वाचतात, पण सगळेच गेम तसे नाहीत. मग कशाला डोक्याला ताप?

आता पट्टी. तीस सेंटिमीटरची शाळेतली असेल तरी चालेल. गेममध्ये प्रॅक्टिसला जा, भिंतीवरच्या एका खुणेवर नेम धरा, आणि माउस एका दिशेला सरकवत सरकवत पूर्ण गोल फिरून परत त्याच खुणेवर या. मध्ये उचलावा लागला तर उचला, पण एकूण किती सेंटिमीटर लागले ते मोजा. तुमची खरी सेन्सिटिव्हिटी ही. बाकी सगळे आकडे याच्यासाठीच.

गणिताने काढायचं असेल तर व्हॅलोरंटचं सांगतो. सेन्सिटिव्हिटी १ ठेवली तर माउसच्या एका काउंटला ०.०७ अंश वळतं. ८०० डीपीआय आणि ०.४ सेन्सिटिव्हिटी, दोन्हींचा गुणाकार ३२०. याला ई-डीपीआय म्हणतात. व्हॅलोरंटचे प्रोफेशनल खेळाडू बहुतेक २०० ते ४०० मध्ये असतात, म्हणजे ३२० अगदी त्यांच्या रांगेतलं. पूर्ण गोल फिरायला किती लागतात? साधारण ४१ सेंटिमीटर! मागे वळायला त्याच्या निम्मे, म्हणजे वीस. काउंटर-स्ट्राइकवरून येत असाल तर तिथली सेन्सिटिव्हिटी ३.१८ ने भागा, व्हॅलोरंटची मिळेल.

आणि इथे आपली खरी अडचण सुरू होते. यूट्यूबवर प्रो खेळाडूचं सेटिंग बघितलं, जसंच्या तसं टाकलं. पण त्याचं टेबल दीड मीटर रुंद आहे. आपल्याकडे, सिडकोच्या वन बीएचकेमध्ये, टेबल म्हणजे काय असतं सांगा. त्यावर लॅपटॉप, शेजारी प्रिंटर, त्याच्यावर बाबांच्या फायली, कोपऱ्यात आईने ठेवलेला पाण्याचा जग. माउसला उरते वहीएवढी जागा. तिथे ४१ सेंटिमीटरचं सेटिंग टाकलं तर दर वेळी माउस जगाला जाऊन धडकणार. मग पोरगा वैतागून डीपीआय एकदम ३,२०० करतो, आणि नेम हातात राहत नाही. मग म्हणतो, माउस खराब आहे.

माउस ठीक असतो, टेबल लहान असतं. म्हणून उपलब्ध जागेची रुंदी मोजा आणि तेवढ्या रुंदीत अर्धा गोल आरामात बसेल अशी सेन्सिटिव्हिटी ठेवा. वीस-बावीस सेंटिमीटर जागा असेल तर ई-डीपीआय ५०० च्या आसपास घ्या. त्यात मागे वळायला तेरा सेंटिमीटर लागतात, दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक उरते. प्रोपेक्षा वेगवान आहे, पण चालतंय की. दुसरा उपाय म्हणजे कीबोर्ड तिरका ठेवा. स्पर्धांच्या व्हिडिओत बघितलं असेल, कीबोर्ड जवळजवळ उभा असतो. ती स्टाइल वगैरे काही नाही, माउसला जागा मिळावी म्हणून केलेलं असतं.

जागेचा संबंध मनगटाशीही आहे, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. जागा कमी आणि वेग जास्त असला की माणूस मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरतो आणि फक्त मनगट डावी-उजवीकडे हलवतो. तासन् तास. आमच्याच बिल्डिंगमधला एक इंजिनिअरिंगचा मुलगा सेमिस्टरच्या तोंडावर सबमिशन लिहिता येत नाही म्हणून आला होता. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हींना मुंग्या. मनगटातून जाणारी जी मुख्य नस आहे ती या बोटांकडे जाते. दिवसा कॉलेजचं लॅपटॉपवर काम, रात्री चार तास गेम, हात कोपऱ्यापासून कधी हललाच नव्हता. डॉक्टरांनी पट्टा आणि विश्रांती सांगितली, आणि लिहायचं सगळं शेवटी मित्राकडून करून घ्यावं लागलं. तर मुंग्या येत असतील तर माउस बदलून बघू असं करू नका, आधी डॉक्टरकडे जा. आणि खुर्ची एवढी उंच घ्या की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. मोठी वळणं कोपरातून, बारीक नेम मनगटातून.

पट्टी हातात आहेच तर तळहातही मोजा. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. गेमर लोकांचा एक ठोकताळा आहे की माउसची लांबी याच्या साठ टक्क्यांच्या जवळपास असावी. हात १९ सेंटिमीटरचा असेल तर माउस साडेअकराचा. लॉजिटेकचा जी१०२ आपल्याकडे इतका खपतो त्यात किमतीचा वाटा आहेच, दोन हजारांच्या आसपास मिळून जातो, पण तो ११.६ सेंटिमीटर लांब आणि ८५ ग्रॅम वजनाचा आहे, बहुतेक हातांना चालून जातो. अख्खा तळवा टेकवून धरत असाल तर थोडा मोठा लागेल, नुसत्या बोटांनी धरत असाल तर लहान.

पोलिंग रेटबद्दल फार वेळ घालवत नाही. १,००० हर्ट्झ म्हणजे दर मिलिसेकंदाला एकदा माहिती. आता ८,००० हर्ट्झचे माउस विकतात, वाचतात किती तर एका मिलिसेकंदाहून कमी. तुमची ६० हर्ट्झची स्क्रीन नवं चित्र दाखवायलाच सोळा-सतरा मिलिसेकंद घेते. त्या पैशात राउटरपासून लॅपटॉपपर्यंत एक केबल टाका, दोन भिंतींपलीकडच्या वाय-फायपेक्षा जास्त फरक पडेल.

वायरलेस घेत असाल तर ब्लूटूथवर खेळू नका, सोबत येणारा डोंगल वापरा आणि तो एक्स्टेन्शनने पुढे, माउसजवळ आणा. कॅबिनेटच्या मागे यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी लावला तर सिग्नलमध्ये व्यत्यय येतो.

अजून एक, आपल्या हवेचं. बटणाखाली एक छोटा स्विच असतो, त्यात धातूची पट्टी. ती झिजली किंवा त्यावर ऑक्साइडचा थर आला की एकदा दाबलं तर दोनदा क्लिक होतं. खोक्यावर दोन कोटी क्लिक लिहिलेले असतात, पण माझ्याकडच्या एका माउसचं डावं बटण दुसऱ्याच पावसाळ्यात दोनदा बोलायला लागलं. वॉरंटी संपली असेल तर फेकू नका. सोल्डरिंग येणारा मोबाइल रिपेअरवाला तो स्विच बदलून देतो. नवीन माउसमध्ये ऑप्टिकल स्विच मिळतात, त्यात क्लिक प्रकाशाने ओळखला जातो, त्यामुळे हा त्रास राहत नाही. आणि कापडी पॅड पावसाळ्यात दमट होतो, माउस जड सरकतो. मग लोक सेन्सिटिव्हिटी बदलतात. अहो, पॅड वाळवा ना!

घ्यायचा कुठून? ऑनलाइन सोपं आहेच, पण पहिल्यांदा घेताय तर एकदा लॅमिंग्टन रोडला जाच. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, गोंधळू नका. खांदेश्वरहून हार्बर, कुर्ल्याला बदलून दादर, तिथून वेस्टर्नची स्लो आणि ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. तिथे माउस हातात धरून बघायला मिळतो. 'फक्त बघतोय' म्हणायला लाजू नका. पसंत पडला तर पक्कं बिल मागा. बिलाशिवाय शंभर रुपये कमी सांगतील, पण पुढे वॉरंटी मागायला गेलात की पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

आणलात की सेन्सिटिव्हिटी एकदा ठरवा आणि किमान दोन आठवडे हात लावू नका, रोज हरलात तरी. मला मात्र दोन आकडे पाठवा, टेबलावरच्या मोकळ्या जागेची रुंदी आणि तळहाताची लांबी. पुढच्या भागात त्यातले काही घेऊन कोणाला काय जमेल ते बोलू. पंखा तोपर्यंत असाच वाजणार आहे.