न रंगलेली पेशी
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



आजचा विषय एका अल्पसंख्य पेशीचा आहे. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत टी-पेशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी वाचलेले असेल. अशा प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर परके ओळखण्याचे एक साधन असते. त्याला ग्राही म्हणतात. हा ग्राही प्रथिनांच्या दोन साखळ्यांचा बनलेला असतो. बहुसंख्य टी-पेशींत या साखळ्या आल्फा आणि बीटा असतात. थोड्या पेशींत मात्र त्यांच्या जागी गॅमा आणि डेल्टा असतात. निरोगी माणसाच्या रक्तात शंभर टी-पेशींमागे अशा पेशी साधारणतः एक ते पाच, क्वचित दहापर्यंत सापडतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही प्रकार एकसारखेच दिसतात: गोल, गडद केंद्रक आणि त्याभोवती पेशीद्रव्याची पातळशी कड. नुसत्या नजरेने एकीला दुसरीपासून वेगळे करणे अशक्य. यासाठी पेशीला रंग द्यावा लागतो, आणि तोही असा की जो नेमक्या एकाच प्रकारच्या पेशीवर बसेल.

या कल्पनेचे श्रेय हार्वर्ड विद्यापीठातील आल्बर्ट कून्स यांना जाते. १९३९ साली बर्लिनच्या मुक्कामात, सांधेज्वराने पीडित रुग्णांच्या ऊतकांत दिसणाऱ्या गाठींमागे जिवाणूचा अंश असेल तर तो डोळ्यांनी कसा पाहता येईल, असा प्रश्न त्यांना पडला. प्रतिपिंड आपल्या प्रतिजनालाच जाऊन चिकटते, हे तेव्हा सर्वज्ञात होते. त्या प्रतिपिंडालाच एखादा चमकणारा रंग जोडला तर? पहिला रंग निळा चमकणारा निघाला, आणि ऊतके स्वतःही निळसरच चमकतात. म्हणून तो निरुपयोगी ठरला. मग फ्लुओरेसीन या हिरव्या रंगाची निवड झाली आणि न्यूमोनियाच्या जिवाणूवर ती युक्ती साधली. ज्या सांधेज्वरासाठी हा खटाटोप आरंभिला, त्याचे कोडे त्या रंगाने सुटले नाही. पण साधन हाती आले आणि ते साऱ्या जगाचे झाले.

पुढची अडचण प्रतिपिंडांच्या शुद्धतेची होती. सशाला किंवा घोड्याला टोचून मिळवलेल्या रक्तजलात अनेक प्रकारच्या प्रतिपिंडांची सरमिसळ असे. १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी एक पेशी कर्करोगाच्या अमर पेशीशी जोडली आणि एकाच कुळातील, एकाच लक्ष्यावर बसणारी प्रतिपिंडे हवी तेवढी मिळवण्याचा मार्ग मोकळा केला. त्यासाठी १९८४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ऊतकरंजनाची आजची सारी शिस्त या दोन टप्प्यांवर उभी आहे.

गॅमा-डेल्टा पेशीचा शोध मात्र मोठ्या विलक्षण रीतीने लागला. १९८४ मध्ये सुसुमु टोनेगावा यांच्या मॅसॅच्युसेट्समधील प्रयोगशाळेत आल्फा साखळीचे जनुक शोधण्याचे काम चालू होते. हाती आलेले जनुक आल्फाचेच असावे असे प्रथम वाटले. परंतु ते तिसऱ्याच साखळीचे निघाले. तिला गॅमा हे नाव मिळाले. ही साखळी कोणत्या पेशीवर असते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अपत्याचा जन्मदाखला हाती, पण घराचा पत्ता नाही, असा तो प्रकार होता. दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, मायकेल ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पत्ता शोधला. प्रतिकारशक्तीचा जन्मजात अभाव असलेल्या रुग्णांच्या रक्तातील पेशी त्यांनी वाढवल्या. सर्व टी-पेशींवर बसणारे एक प्रतिपिंड या पेशींवर बसत होते. आल्फा-बीटा ग्राहीवर बसणारे दुसरे प्रतिपिंड मात्र काहींवर मुळीच बसेना. म्हणजे पेशी टी-कुळातील, पण ओळखीचा ग्राही नाही. मग गॅमा साखळीच्या जनुकावरून रचलेल्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करण्यात आली आणि त्यांनी ती पेशी अचूक पकडली. डेल्टा साखळीचे जनुक त्यानंतर वर्षभराने सापडले, तेही आल्फाच्या जनुकाच्या पोटात दडलेले. एका रंगाने न रंगण्यामुळे एखादी पेशी उजेडात यावी, असे विज्ञानाच्या इतिहासात फार वेळा घडत नाही.

या पेशी रक्तात थोड्या असल्या तरी त्यांचे खरे घर अन्यत्र आहे. आतड्याच्या आतल्या अस्तरात, पेशींच्या फटींमध्ये, त्या ठाण मांडून बसलेल्या असतात. रक्तातील गॅमा-डेल्टा पेशींत एका जातीचा डेल्टा खंड बहुसंख्येने असतो, तर आतड्यात बहुतांशी दुसऱ्या जातीचा. त्यामुळे रक्ताची नळी तपासून आतड्याची हकीकत सांगू पाहणे म्हणजे चौकात उभे राहून घरातल्या माणसांची मोजदाद करण्यासारखे आहे.

आतड्याची ही मोजदाद ज्या रोगात सर्वाधिक उपयोगी पडली, तो सीलिॲक रोग. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन काही विशिष्ट जनुके असलेल्या माणसांच्या आतड्याला सोसत नाही. लहान आतड्याच्या आत अर्ध्या ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य रसांकुर असतात, त्यांच्यामुळेच अन्नाचे शोषण होते. या रोगात ते झिजून सपाट होतात. मूल खाते, पण अंगी लागत नाही. पोट फुगते, रक्त कमी होते, उंची खुंटते. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयी संशय दुसऱ्या महायुद्धापूर्वीच होता. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला तेव्हा त्यांच्याकडील आजारी मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा खालावली. दुष्काळात इतर सारी मुले सुकत असताना ही मोजकी मुले बाळसे धरत होती.

भारतात हा रोग दुर्मीळ आहे असे पूर्वी मानत. तो समज आता टिकत नाही. दिल्ली परिसरात झालेल्या पाहणीत दर शंभर जणांमागे सुमारे एकाला तो आढळला; दक्षिण भारतात मात्र हे प्रमाण दहापटीने कमी आहे. पोळीवर वाढणाऱ्या आणि भातावर वाढणाऱ्या भारतातील हा फरक निव्वळ योगायोगाचा नसावा. उत्तरेत वसलेल्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरातून ज्वारी-बाजरीची भाकरी हळूहळू मागे पडली आणि दोन्ही वेळा पोळी आली, ही गोष्टही या संदर्भात ध्यानात घेण्याजोगी आहे. भाकरी या रुग्णाला चालते, पोळी चालत नाही. एवढेच कशाला, बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. आमटीच्या फोडणीतूनही ग्लुटेन पोटात जाऊ शकते.

निदानाची कसोटी येथेच लागते. एकदा निदान झाले की पथ्य जन्मभराचे. शेवया, शिरा, पुरणपोळी, वाढदिवसाचा केक, मित्राच्या डब्यातला घास, सारे बंद. चुकीचे निदान झाले तर निरोगी मुलावर अकारण बंदी येते आणि निदान चुकले तर रोगी मूल वर्षानुवर्षे नुसत्या लोहाच्या गोळ्या खात राहते. रक्तात ऊतक-ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडे शोधण्याची चाचणी १९९७ नंतर प्रचारात आली आणि ती फार मोलाची आहे. तरीही काही रुग्ण कुंपणावर राहतात: रक्तचाचणी अनिश्चित, रसांकुर किंचित आखूड, अस्तरातील लसिका पेशी थोड्या अधिक. जंतांमुळे, कुपोषणामुळे, उष्ण कटिबंधातील संग्रहणीमुळेही असेच चित्र दिसू शकते. अशा वेळी आणखी एका साक्षीदाराची गरज भासते.

तो साक्षीदार गॅमा-डेल्टा पेशी. १९८९ च्या सुमारास ऑस्लो येथील संशोधकांनी आणि पाठोपाठ हेलसिंकीतील बालरोगतज्ज्ञांनी प्रतिपिंडरंजनाने दाखवून दिले की सीलिॲक रुग्णांच्या अस्तरात या पेशींची संख्या ठळकपणे वाढलेली असते. फिनलंडच्या तज्ज्ञांना ती वाढ काही मुलांत रसांकुर झिजण्याच्या आधीही आढळली. आणखी एक गोष्ट लक्षणीय होती. गहू सोडल्यावर रसांकुर पुन्हा उभे राहतात, इतर लसिका पेशी ओसरतात, रक्तातील प्रतिपिंडेही नाहीशी होतात. गॅमा-डेल्टा पेशींची वाढ मात्र वर्षानुवर्षे टिकून राहते. आपल्याकडे पुष्कळ पालक कोणाच्या तरी सल्ल्याने तपासणीआधीच मुलाचा गहू बंद करतात आणि मग निदानाचे सारे पुरावे पुसले जातात. अशा मुलाच्या आतड्यात हा एक ठसा तरी शिल्लक असतो. हीच वाढ गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांतही दिसते, म्हणून एकट्या या साक्षीवर निकाल देता येत नाही, हे खरे. स्पेनमधील काही रुग्णालये त्यामुळेच गॅमा-डेल्टा पेशींच्या वाढीबरोबर दुसऱ्या एका लसिका-गटाची घटही मोजतात आणि दोन्ही जुळल्यावरच कौल देतात.

मग ही तपासणी सर्वत्र का होत नाही? उत्तर प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे. दुर्बिणीच्या नळीतून काढलेला आतड्याचा तुकडा सर्वसाधारणपणे फॉर्मॅलिनमध्ये बुडवतात, मेणाच्या वडीत बसवतात आणि त्याचे काप घेतात. हा तुकडा टपालानेही पाठवता येतो आणि कपाटात कित्येक वर्षे टिकतो. परंतु फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकते. ग्राहीचा जो आकार प्रतिपिंड ओळखते, तो त्यात बिघडतो. कुलूप वाकले की किल्ली बसत नाही. म्हणून गॅमा-डेल्टा पेशींसाठी तुकडा काढल्या क्षणी उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनच्या साह्याने गोठवावा लागे आणि गोठलेल्या अवस्थेतच त्याचे काप घ्यावे लागत. जिल्ह्याच्या गावी, वीज जाणाऱ्या दुपारी, हे कसे जमावे?

तेव्हा पॅथॉलॉजिस्टांनी आडवाट धरली. मेणातील कापांवर बीटा साखळीचे प्रतिपिंड बऱ्यापैकी काम करी. जी टी-पेशी त्याने रंगली नाही, ती गॅमा-डेल्टा, असे अनुमान ते काढीत. ब्रेनर यांच्या प्रयोगाची आठवण यावी अशीच ही रीत. पण तेथे अनुमानानंतर गॅमाच्या प्रतिपिंडाने खातरजमा झाली होती, येथे ती होत नव्हती. पेशी न रंगण्याची कारणे अनेक. ग्राही नसेल, असून दडलेला असेल, फॉर्मॅलिनमध्ये तुकडा फार काळ राहिला असेल, किंवा प्रतिपिंडाची कुपी जुनी झाली असेल. काही गाठींच्या पेशींवर तर दोन्हींपैकी एकही ग्राही नसतो. रंगाचा अभाव आणि पेशीचा अभाव एकच मानणे ही या शास्त्रातील सर्वांत मोहक चूक आहे. म्हणूनच दक्ष प्रयोगशाळा प्रत्येक वेळी रुग्णाच्या कापाशेजारी टॉन्सिलचा काप रंगवते, जेथे रंग उमटायलाच हवा. आणि एक काप मूळ प्रतिपिंडाविना ठेवते, जेथे तो उमटता कामा नये. या दोन कापांविना आलेला सुंदर तपकिरी रंग केवळ सुंदर असतो.

गेल्या दशकात मेणातील कापांवरही डेल्टा साखळी ओळखणारी प्रतिपिंडे हाती आली. कापावरील मेण काढायचे, तो विशिष्ट द्रावणात तापवून जखडलेली प्रथिने सैल करायची, मग प्रतिपिंड, त्यावर दुसरे प्रतिपिंड, त्याला जोडलेले विकर, आणि शेवटी ते विकर ज्याला तपकिरी करते असे रसायन. भोवतालच्या पेशींना निळा रंग दिला की निळ्या अस्तरात तपकिरी ठिपके मोजता येतात. नायट्रोजनची गरज उरली नाही. कपाटात पडून असलेल्या जुन्या मेणाच्या वड्यांचे नवे काप घेऊन, पूर्वी अनिर्णित राहिलेल्या मुलांची साक्ष पुन्हा नोंदवणे त्यामुळे शक्य झाले. रक्ताच्या बाजूनेही एक दार उघडले. पथ्यावर असलेल्या रुग्णाला तीन दिवस गहू दिला तर सहाव्या दिवशी त्याच्या रक्तात आतड्याच्या खुणा बाळगणाऱ्या, चेतवलेल्या गॅमा-डेल्टा पेशी दिसतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. एरवी घरात बसणारी माणसे त्या दिवशी चौकात येतात, एवढाच त्याचा अर्थ.

ठिपके मोजून झाल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि तो २०१९ मध्ये शिकागो विद्यापीठातील बाना जब्री यांच्या गटाने ऐरणीवर आणला. निरोगी आतड्यातील गॅमा-डेल्टा पेशी अस्तराच्या पेशींवरील विशिष्ट प्रथिनांशी संधान बांधून असतात आणि अस्तराची राखण करतात. सीलिॲक रोगात अस्तरावरची ती प्रथिने घटतात, या राखणदार पेशी कमी होतात आणि त्यांच्या जागी त्याच डेल्टा खंडाच्या, पण गव्हाला प्रतिसाद देणाऱ्या आणि दाहकारक रसायन सोडणाऱ्या पेशी येतात. पथ्याने रसांकुर पूर्ववत झाले, अस्तरावरची प्रथिनेही परतली, तरी जुने राखणदार परत आले नाहीत. डेल्टाच्या प्रतिपिंडाला हा बदल दिसत नाही. राखणदार आणि त्याच्या जागी येऊन बसलेला, दोघेही त्याला सारखेच तपकिरी दिसतात. त्यांच्यातील भेद ओळखण्यासाठी ग्राहीची जनुके वाचावी लागतात किंवा जिवंत पेशींवर एकाच वेळी अनेक रंगांची प्रतिपिंडे वापरावी लागतात, आणि ते काम अजून संशोधनाच्या प्रयोगशाळांतच होते. तोवर एखाद्या मुलाचा काप हाती आलेला पॅथॉलॉजिस्ट आपल्या अहवालात तपकिरी ठिपक्यांची संख्या लिहितो, शेजारच्या टॉन्सिलच्या कापाची नोंद करतो, रक्तचाचणीचा आकडा आणि मूल त्या दिवसापर्यंत गहू खात होते की नाही हे मागवून घेतो, आणि मगच सही करतो.